वितर्क, अरण्य आणि सम्यक स्मृती

मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात तथागतांनी आपल्या बोधिपूर्व काळातील एक अनुभव सांगितला आहे. श्रावस्तीच्या जेतवनात जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण त्यांच्या भेटीस येतो आणि म्हणतो की, अरण्यातला एकांतवास मोठा कठीण आहे. ज्याला समाधी साधलेली नाही अशा भिक्खूचे मन ही वने हिरावून घेत असतील. तथागत हे म्हणणे नाकारीत नाहीत. बोधिप्राप्तीपूर्वी आपल्यालाही असेच वाटत असे, अशी कबुली ते देतात. पुढे ते सांगतात की, पंधरवड्यातील आठव्या, चौदाव्या आणि पंधराव्या रात्री, म्हणजे लोकांनी विशेष मानलेल्या रात्री, ते मुद्दाम अंगावर काटा आणणाऱ्या वनांत आणि वृक्षचैत्यांपाशी जाऊन राहत. तेथे एखादे हरीण जवळ येई, एखादा मोर वाळकी काटकी मोडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे. आणि मनात येई, हे पाहा, ते भय आले! तेव्हा त्यांनी असा निश्चय केला की, ज्या स्थितीत भय येईल त्याच स्थितीत राहून त्याचा निरास करावयाचा. चालताना भय आले तर ते जाईपर्यंत थांबावयाचे नाही, बसावयाचे नाही. बसलेले असताना आले तर उठावयाचे नाही.

या प्रसंगाकडे आम्ही वारंवार वळतो. येथे कोणतीही दैवी शक्ती नाही, मंत्र नाही, आकाशवाणी नाही. एक मोर आहे, एक काटकी आहे आणि एक मनुष्य आहे, जो काटकीचा आवाज आणि त्या आवाजावर आपल्या मनाने रचलेले भय या दोन गोष्टी निरनिराळ्या करून पाहतो. काटकी मोडली हे सत्य होय. ‘भय आले’ हा वितर्क होय. या दोहोंमध्ये जी एक अत्यंत बारीक फट असते, ती दिसू लागणे म्हणजेच छळणाऱ्या विचारांपासून अंतर मिळणे. आपल्या मराठीत ‘प्रपंच’ म्हणजे घरसंसार. पालीतील ‘पपञ्च’ म्हणजे मनाने एका स्पर्शावर, एका शब्दावर मांडलेला विचारांचा संसार. वेदना, तिच्यामागून संज्ञा, तिच्यामागून वितर्क आणि वितर्कामागून हा पसारा, असा क्रम मधुपिण्डिक सुत्तात दाखविला आहे. संसार मांडावयास वेळ लागत नाही, मोडावयास लागतो, हे दोन्ही अर्थांनी खरे आहे.

हा विषय आम्ही आज हाती घेतला त्यास एक निमित्त झाले. आमच्या अभ्यासवर्गास येणाऱ्या एका तरुणास त्याच्या कामाच्या ठिकाणी वरिष्ठाने चारचौघांत त्याच्या जातीवरून आणि त्याला मिळालेल्या जागेवरून एक वाक्य ऐकविले. वाक्य सहा-सात शब्दांचेच होते. परंतु ते वाक्य दररोज रात्री त्याच्याबरोबर घरी येऊ लागले. जेवताना ते ताटासमोर बसे, झोपताना उशाशी येई. त्या वेळी द्यावयास हवी होती अशी उत्तरे तो पहाटेपर्यंत जुळवीत असे. कोणी हितचिंतकाने त्याला सल्ला दिला, ‘जरा निसर्गात जाऊन ये, मन हलके होईल.’ तो गेला. दोन दिवस समुद्रकाठी राहिला आणि आमच्याकडे परत येऊन म्हणाला, ‘भन्ते, ते वाक्य तिथंही आलं होतं. आणि मन हलकं करायचं म्हणजे मी अपमान विसरायचा का?’ या दुसऱ्या प्रश्नाला विहारात बसलेल्या कोणापाशीही चटकन उत्तर नव्हते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र उदानातील मेघियाच्या कथेत आहे. चालिका येथे तथागत राहत असताना मेघिय हा त्यांचा सेवक भिक्खू होता. जन्तुगामात भिक्षाटन करून परतताना किमिकाळा नदीच्या काठी त्याला एक रम्य आमराई दिसली आणि ध्यानासाठी याहून उत्तम जागा नाही असे त्याच्या मनाने घेतले. त्याने जाण्याची अनुज्ञा मागितली. दुसरा कोणी भिक्खू येईपर्यंत थांब, असे तथागत म्हणाले. मेघियाने तीनदा आग्रह धरला आणि अखेर तो गेला. आमराईत एका झाडाखाली बसल्यावर त्याच्या चित्तात काय आले? काम, व्यापाद आणि विहिंसा यांचे वितर्क. वासनेचे, द्वेषाचे आणि दुसऱ्यास इजा करण्याचे. श्रद्धेने घर सोडलेल्या आपल्याला या रम्य जागी हे विचार कसे ग्रासतात, याचे त्यालाच आश्चर्य वाटले आणि तो परत आला. तथागतांनी त्याला रागे भरले नाही. अपक्व चित्त पक्व करणाऱ्या गोष्टी त्यांनी सांगितल्या, आणि त्यांत पहिली गोष्ट कल्याणमित्र ही होती. आमराईचे नाव त्या यादीत नाही! मग शील, उद्बोधक चर्चा, उद्योग आणि प्रज्ञा. त्यापुढे आणखी चार भावना. त्यांपैकी द्वेष जावा म्हणून मैत्री आणि वितर्कांचा उच्छेद व्हावा म्हणून आनापानसती, म्हणजे श्वासावरील स्मृती.

निसर्ग हे औषध नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. परंतु निसर्ग निरुपयोगी आहे असाही याचा अर्थ नाही. स्मृतिप्रस्थानाची साधना सांगताना तथागत भिक्खूला अरण्यात, वृक्षाच्या मुळाशी किंवा रिकाम्या घरात जाऊन बसावयास सांगतात. उरुवेलेची जागा निवडताना त्यांनी रम्य भूमी, प्रसन्न वनराई, वाहती नदी आणि चांगला उतार पाहिला, हे अरियपरियेसन सुत्तात आले आहे. त्याच वाक्यात भिक्षेसाठी जवळ गाव आहे, हेही त्यांनी पाहिले होते. हा व्यवहार आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो.

आधुनिक मानसशास्त्रही याच वाटेने थोडे पुढे आले आहे. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या संशोधकांनी वारंवार उद्भवणाऱ्या नैराश्यासाठी स्मृतिसाधनेवर आधारलेली उपचारपद्धती २००२ साली ग्रंथरूपाने मांडली. विचार म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, तो मनात घडणारी एक घटना आहे, असे पाहावयास रुग्णाला शिकविणे हा तिचा गाभा होय. २०१५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ३८ व्यक्तींवर एक प्रयोग केला. काहींना गवताळ, ओकवृक्षांच्या माळावर आणि काहींना वाहत्या वाहनांच्या रस्त्याने ९० मिनिटे चालावयास लावले. माळावर चाललेल्यांमध्ये आपल्याच दुःखाचे रवंथ करण्याची प्रवृत्ती कमी झालेली दिसली. प्रयोग लहान आहे, त्यावरून मोठे सिद्धान्त उभारू नयेत. परंतु मेघियाचा अनुभव आणि हा प्रयोग शेजारी ठेवले तर इतके म्हणता येते की, झाडांमध्ये चालल्याने रवंथ मंदावते, आणि त्या वेळी काय करावयाचे हे ठाऊक नसेल तर ते पुन्हा सुरू होते.

मग काय करावयाचे? याचे सर्वांत सुंदर उत्तर द्वेधावितक्क सुत्तात एका गुराख्याच्या दृष्टान्ताने दिले आहे. बोधीपूर्वी तथागतांनी आपल्या वितर्कांचे दोन भाग केले: एका बाजूस काम, व्यापाद आणि विहिंसा, दुसऱ्या बाजूस त्यांचे प्रतिपक्षी. पहिल्या बाजूचे वितर्क आले की ते गुराख्यासारखे वागत. वर्षाऋतूच्या शेवटच्या महिन्यात पिके दाट उभी असतात. तेव्हा गुराखी काठीने गुरांना आवरतो, मागे वळवितो, कारण गुरे पिकात शिरली तर दंड, बंधन, निंदा हे सारे त्याच्या वाट्यास येणार. परंतु उन्हाळ्याच्या अखेरीस, पिके गावात पोचल्यावर, तोच गुराखी झाडाखाली किंवा उघड्यावर बसतो आणि ‘ती तिकडे गुरे आहेत’ एवढी स्मृती ठेवतो. त्याला काठीची गरज उरत नाही.

मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात ज्यांचे बालपण गेले त्यांना हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. आमच्यापैकी अनेकांच्या वडिलांनी दुसऱ्यांची गुरे राखली आहेत. भादव्यात ज्वारीच्या कडेने गुरे नेताना जी दक्षता लागते आणि वैशाखात मोकळ्या रानात जी सैलावलेली नजर पुरते, या दोन्हींचा भेद त्यांना अंगानेच कळत असे. साधनेत पुष्कळांची चूक येथेच होते. काहीजण बारमाही काठी उगारतात. प्रत्येक विचाराशी झुंजतात आणि थकतात. काहीजण भर भादव्यात झाडाखाली झोपी जातात आणि त्यास ध्यान म्हणतात. अपमानाचा विचार जेव्हा सूडाच्या उभ्या पिकाकडे वळतो तेव्हा काठी हवीच. परंतु तो केवळ समोरून जात असेल, तर ‘हा द्वेषयुक्त वितर्क, तो तिकडे आहे’ एवढे जाणणे पुरते. चित्तानुपस्सनेत हेच आहे. चित्त सद्वेष असता ते सद्वेष आहे असे भिक्खू जाणतो. ‘मी द्वेष्टा आहे’ किंवा ‘मी अपमानित आहे’ असे तेथे म्हटलेले नाही. ‘मी’ हा शब्द वगळला गेला की तेवढ्या जागेत श्वास घेता येतो.

वितक्कसण्ठान सुत्तात अकुशल वितर्क शमविण्याचे पाच उपाय आहेत. सुताराने बारीक खुंटीने जाड खुंटी काढावी तसे कुशल विषयाकडे मन वळविणे, वितर्कातील दोष पाहणे, त्याकडे लक्ष न देणे, त्याची घडण शांत करणे, आणि काहीच न चालल्यास दात आवळून मनानेच मनाला दाबणे. पाचवा उपाय अखेरचा आहे हे विसरू नये. आपल्याकडे पुष्कळदा त्यानेच आरंभ होतो. आम्हांस चौथ्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. एक मनुष्य भरभर चालत असतो. त्याला वाटते, मी इतका भरभर का चालतो? हळू चालावे. मग वाटते, हळू तरी का चालावे? उभे राहावे. मग तो बसतो, मग आडवा होतो. वितर्काची गतीही अशीच पायरी-पायरीने उतरवावयाची असते. झाडांमधून चालण्याचा उपयोग येथे होतो. पायाची गती कमी करता येते, ती दिसते, मोजता येते. मनाची गती तिच्यामागून येते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू: अपमान विसरावयाचा काय?

महाराहुलोवाद सुत्तात तथागत राहुलाला पृथ्वीसमान भावना करावयास सांगतात. लोक पृथ्वीवर शुद्ध वस्तू टाकतात, अशुद्धही टाकतात, मलमूत्र, थुंकी, पू, रक्त टाकतात. पृथ्वीला त्याची शिसारी येत नाही. पाणी, अग्नी, वायू यांचेही तसेच. या सुत्ताचा एक अर्थ आमच्या समाजाला कोणी समजावून देण्याची आवश्यकता नाही. शुद्ध आणि अशुद्ध हा भेद पृथ्वीला ठाऊक नाही, पाण्याला ठाऊक नाही. तो माणसाने रचला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या पाण्याने काही नकार दिला नव्हता. नकार काठावरच्या माणसांचा होता.

परंतु याच सुत्ताचा दुसरा, विपरीत अर्थ काढला जाऊ शकतो आणि त्याविषयी आम्ही सावध राहिले पाहिजे. ‘पृथ्वीसारखे सहन करा’ हा उपदेश आपल्याला आणि स्त्रियांना शतकानुशतके केला गेला आहे, आणि तो करणारे स्वतः कधी पृथ्वी झाले नाहीत. तथागत राहुलाला असे सांगत नाहीत की, घाण टाकणाऱ्याचे कृत्य योग्य आहे. मनाला रुचणारे आणि न रुचणारे स्पर्श आले तरी ते चित्ताचा ताबा घेऊन बसणार नाहीत, असे ते सांगतात. हा भेद ज्याला कळत नाही त्याच्या हाती हे सुत्त देऊ नये, असेच कधी कधी आम्हांस वाटते.

रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग येथे आठवतो. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कारणमीमांसा करताना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहण्याची पारंपरिक कथा स्वीकारली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातील पाण्याच्या तंट्यात सिद्धार्थाने संघात युद्धाला विरोध केला, बहुमत विरुद्ध गेले, आणि त्यातून परिव्रज्या आली. अरण्याची वाट संघातील विरोधानंतर सुरू होते. पुढे युद्ध टळल्याची वार्ता आल्यावरही तो परतत नाही, कारण माणसामाणसांतील कलहाचे मूळ शोधावयाचे राहिले आहे. जो झाडाखाली बसला तो जगाकडे पाठ फिरवून बसला नव्हता.

निसर्गाविषयी आमच्या लोकांच्या मनात एक अढी असते; तीही बोलून दाखविली पाहिजे. काही वर्षांपूर्वी अभ्यासवर्गातील उपासक-उपासिकांसह आम्ही कान्हेरीस गेलो होतो. एका वृद्ध उपासिकेला आम्ही, जरा झाडाखाली शांत बसा, असे सुचविले. ती हसून म्हणाली, ‘बाबा, झाडाखाली बसायला जन्मात कधी दिलं नाही कुणी. रानात गेलो ते सरपणाला न् शेणाला.’ ज्यांच्या वाट्यास शिवार म्हणजे दुसऱ्याचे शेत आणि पाणवठा म्हणजे दुसऱ्याची मालकी आली, त्यांना ‘निसर्गरम्य’ हा शब्द पोकळ वाटला तर त्यात नवल नाही. त्या दिवशी मात्र ती एका लेण्याबाहेरच्या दगडी ओट्यावर बसली आणि निघण्याची वेळ झाली तरी उठेना.

कान्हेरी ही या विषयाची जणू पाषाणात लिहिलेली टीका आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे एक हजार वर्षे येथे भिक्खूंचा वास होता. शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि बहुतेक लेण्यांपाशी पावसाचे पाणी साठविणारी पोढी खोदलेली आहे. बाहेर बसावयास ओटे आहेत, आत झोपावयास दगडी बाक आहेत. बसणारा बाहेर पाहू शकेल, ऊन अंगावर येणार नाही आणि पाणी हाताशी असेल, अशी ही योजना. शिलालेखांत कल्याण, सोपारा येथील दात्यांची नावे आहेत. व्यापारी, गृहस्थ, उपासिका, भिक्खुणी यांनी दिलेल्या दानातून हे अरण्यवास उभे राहिले. शहर आणि अरण्य यांच्यात रोजचे येणे-जाणे होते. आजही ही लेणी मुंबईच्या हद्दीतच, सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत, आणि बोरिवली स्थानकावर उतरणाऱ्या हजारो लोकांनी ती पाहिलेली नाहीत.

प्रत्यक्ष साधना कशी करावी, याविषयी आमच्या वर्गात जे उपयोगी पडले तेवढेच सांगतो. प्रथम चालावे, पंधरा-वीस मिनिटे, नेहमीपेक्षा किंचित हळू, पाऊल टेकल्याची जाणीव ठेवून. मग बसावे. डोळे मिटण्याची घाई करू नये. छळणारा विचार मिटल्या डोळ्यांत अधिक बळावतो, असा अनेकांचा अनुभव आहे. समोरची एक फांदी, पाण्यावरची एक लाट किंवा येणारे-जाणारे आवाज घ्यावेत. पक्षी ओरडला की ‘आवाज’ एवढेच जाणावे, कोणता पक्षी याचा शोध नको. काही वेळाने ते वाक्य येईलच. ते आले की त्यालाही त्या आवाजांच्या रांगेत बसवावे: हा पक्ष्याचा आवाज, हा वाऱ्याचा, हा त्या वाक्याचा. त्याला उत्तर देऊ नये, हाकलू नये. शरीरात ते कोठे लागते, छातीत, जबड्यात, पोटात, तेवढे पाहावे आणि श्वासाकडे यावे. दहांपैकी आठ वेळा आपण उत्तर देऊ लागलेले असतो, हे नंतर कळते. कळले की परत यावे. आरंभी एकट्याने जाऊ नये. मेघियाची गोष्ट त्यासाठीच आहे. आणि ज्याची झोप कित्येक आठवडे उडालेली आहे, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याला झाडाखाली नव्हे, प्रथम डॉक्टरांकडे न्यावे, आणि न्यावे म्हणजे आपण बरोबर जावे.

ज्यांना अरण्य परवडत नाही, रविवारचीही सुटी नाही, त्यांनी खंत करू नये. अरण्यवास सर्वांस सक्तीचा करावा ही देवदत्ताची मागणी तथागतांनी फेटाळली होती. ज्याची इच्छा असेल त्याने अरण्यात राहावे, ज्याची असेल त्याने गावाजवळ, असे त्यांचे मत. मिगजाल सुत्तात तर ते म्हणतात की, तृष्णा ही माणसाची सोबतीण आहे. ती बरोबर असेल तर दूर अरण्यातही तो दुकटाच, आणि ती सुटली असेल तर गर्दीतही तो एकटा. विहाराच्या अंगणातील पिंपळ, चाळीच्या गच्चीवरून दिसणारे आभाळ, पहाटेचा कावळ्यांचा गलबला यांवरही हे काम होते. पिंपळाचे पान अगदी मंद वाऱ्यानेही हलते; त्याच्याखाली पाच मिनिटे बसून पाहिल्यास हे लक्षात येईल.

तो तरुण आमच्याबरोबर तीन-चार महिने सकाळी चालावयास येत होता. आरंभी त्याच्यापाशी लेखी तक्रारीचा एक मसुदा होता, अकरा पानांचा. त्यात त्या वरिष्ठाचा स्वभाव होता, इतिहास होता, रात्री सुचलेली सारी उत्तरे होती. दिनांक मात्र नव्हता. पावसाळा संपता संपता त्याने तो पुन्हा लिहिला. एक पान झाले: दिवस, वेळ, उच्चारलेले शब्द, उपस्थित असलेल्यांची नावे. ते त्याने रीतसर दाखल केले आणि पोच घेतली. निकाल अद्याप लागलेला नाही. ते वाक्य अजून येते, असे तो सांगतो, परंतु बहुतेक वेळा जेवण झाल्यानंतर.